लांब नाकाची गाडी

सासऱ्यांचं आणि माझं तसं बरं होतं, पण त्यांच्या ट्रकचं आणि माझं पहिल्या दिवसापासून वाकडं. आमचं वऱ्हाड त्याच ट्रकमधून आलं. नव्या नवरीचा मान म्हणून मला पुढे बसवलं, मामंजींच्या शेजारी. पायाखालच्या फळ्यांच्या फटीतून गरम हवा येत होती, दार सुंभाने बांधलेलं, आणि नवरदेव मागे वऱ्हाडात उभा, कारण त्याला डिझेलचा वास सोसत नसे. घरी पोचेपर्यंत माझ्या शालूला ऑइलचा डाग पडला होता. तो शालू मी पुन्हा अंगाला लावला नाही.

गाडी तरी कसली म्हणायची? दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेल्यांपैकी एक. पुढे हे लांबलचक नाक, वटारल्यासारखे दोन दिवे, पाठीमागे लाकडी हौदा. मूळचं इंजिन कधीच गेलं होतं, त्या जागी डिझेलचं बसवलं होतं. गावात तिला नाकाडी म्हणत. संगमेश्वर-देवरुखकडे एव्हाना चपट्या तोंडाच्या नव्या गाड्या धावायला लागल्या होत्या. मामंजी मात्र वर कातळाच्या सड्यावरच्या खाणीतले जांभ्याचे चिरे नाकाडीतूनच खाली बाजारापर्यंत पोचवायचे. नव्या गाड्यांचा त्यांना भारी राग. "इंजिन मांडीवर घेऊन बसायचं आणि वर टेप लावायची. इंजिन काय सांगतंय ते ऐकू कसं येणार रांडेच्यांना," असं म्हणायचे.

हे मी गाडीच्या कौतुकापोटी सांगत नाही. त्या गाडीत माझी अकरा वर्षांची मुलगी बसायची, आणि एका रविवारी मला कळलं की ती दर फेरीला सहीसलामत घरी परत येत होती ते केवळ नशीब म्हणून. त्या रविवारचं मला सांगायचंय.

गिरण्यांचा संप चालू होता तो काळ. माझा नवरा मुंबईला गिरणीत होता. आज मिटेल, उद्या मिटेल म्हणत तिकडेच राहिला होता, मिळेल ते काम करत होता. मनीऑर्डर बंद. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात मी, मामंजी, मुलगी आणि तिच्या पाठचा मुलगा. चूल पेटायची ती माझ्या शिवणाच्या मशीनवर आणि नाकाडीच्या फेऱ्यांवर. म्हणजे जिच्यावर माझा राग, तिच्याच जिवावर मी भात खात होते. ह्याचाही मला राग यायचा.

मामंजींना एकच ध्यास. घरातल्या कोणालातरी ह्या गाडीची माया लागली पाहिजे. मुलाला लागली नाही, तो सतराव्या वर्षी मुंबईला पळाला तो ह्या गाडीच्या भीतीने, असं ते स्वतःच बोलून दाखवायचे. मग त्यांनी नातवावर आशा ठेवली. पण तो बापाच्या वळणावर गेलेला. पहिल्या उतारालाच पोरगा पिवळा पडायचा आणि दुसऱ्या उताराला ओकायचा. मामंजी त्याला लिंबू हुंगवायचे, खिडकीशी बसवायचे, तुळशीची पानं चघळायला द्यायचे. काही म्हणता काही झालं नाही.

आमच्या घरची दसऱ्याची एक रीत होती. सकाळी गाडी पऱ्याच्या वाहत्या पाण्यावर नेऊन धुवायची, नाकाला हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची, चाकाखाली लिंबू ठेवायचं. मग घरातला जो पुढे गाडी चालवणार, त्याला सीटवर बसवायचं आणि त्याने हॉर्न द्यायचा. हॉर्न वाजेस्तोवर मामंजी गाडीच्या नाकावर हात ठेवून पुढे उभे राहत, आणि मगच नारळ फुटे. ह्याला आमच्याकडे हॉर्नचा मान म्हणत. माझा नवरा लहान असताना तो मान त्याचा होता. पुढे कित्येक वर्षं कोणाचाच नव्हता. नातू बसायला लागला तेव्हा पुन्हा सुरू झाला.

त्या वर्षी मुलगा नवी चड्डी घालून तयार उभा होता. मामंजींनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. म्हणाले, "बाय, तू चढ."

बाय म्हणजे माझी मुलगी. ती हातातलं झेंडूचं ताट खाली ठेवून अशी काही चढली की पायरीवर पाय ठेवलेलासुद्धा दिसला नाही. तिने हॉर्न दाबला आणि दाबूनच ठेवला. शेजारीण बांधावरून म्हणाली, "काय गो, आता पोरगी डायवर व्हायची काय?" मी म्हटलं, "झाली तर झाली. तुझ्या घरचं डिझेल जातंय काय?" अंगात वारं भरल्यासारखं झालं होतं मला. ह्या घरात मुलगी झाली तेव्हा मामंजी बारशाला खाणीवर निघून गेले होते. तेच मामंजी आज सगळ्या वाडीसमोर तिला मान देत होते. त्या दिवशी प्रथमच मी नाकाडीला मनापासून नमस्कार केला.

आधी एकदोन फेऱ्यांना हौस म्हणून गेली होती, तेव्हापासून पोरगी नेमाने गाडीवर जाऊ लागली. क्लीनर गणपतीच्या आधीच काम सोडून गेला होता. का सोडलंस म्हणून विचारलं तर "नको विचारू वहिनी" एवढंच म्हणाला होता. मामंजींनी दुसरा क्लीनर ठेवला नाही. फेऱ्याही कमी केल्या. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दुपारी, रविवारी, आणि दिवाळीच्या सुट्टीत रोज. खाणवाला कुरकुर करायचा, मामंजी त्याला सांगायचे, "पोरीची शाळा बुडता नये." हे ऐकून मला भरून यायचं. म्हटलं, म्हातारा बदलला. पोरीच्या शाळेसाठी कमाईवर पाणी सोडतोय.

आणि पोरगी तरी काय शिकत होती. बोनेटवर तळवा ठेवून सांगायची, पाणी घालायला आलंय. चढावर निघाले की डोळे मिटून ऐकायची आणि म्हणायची, आता मागते दुसरा गिअर. दोनदा क्लच कसा दाबायचा ते ती पाटावर बसून, दोन वाट्या पायांखाली घेऊन मला दाखवायची. एकदा मी ब्लाऊज शिवत होते तर शेजारी येऊन म्हणाली, "आये, मशीनला तेल घाल, कोरडी बोलतेय." मी हसले, पण घालून पाहिलं तर खरंच मशीन मऊ चालायला लागली. रोज संध्याकाळी शुभंकरोति झालं की मामंजी पडवीत बसून तिच्याकडून रस्ता म्हणून घ्यायचे, पाढे म्हणून घ्यावेत तसा. खाणीतून निघालं की काजूची बाग, मग डाव्या अंगाला वड, मग उतार, पऱ्यावरची मोरी, मोरीनंतर लगेच उजवं वळण. चुकली की पहिल्यापासून. मुलगा बिचारा कोपऱ्यात बसून ऐकायचा आणि मला त्याचीच कीव यायची.

तो रविवार पावसाळा सरून बरेच दिवस झाल्यावरचा. माझ्या मशीनचा आटा गेला होता. मशीनचं डोकं काढलं, गोणपाटात गुंडाळलं आणि मामंजींना म्हटलं, मीही येते बाजारात. ते घुटमळले. "उन्हाचं कशाला, मी देतो ना दुरुस्तीला." मी म्हटलं, तुम्हाला तो लुबाडेल, मी येणार. मुलाला शेजारणीकडे ठेवलं आणि चढले. मी दाराशी, पोरगी मध्ये, मामंजी चाकावर. मागे चिरे भरलेले.

गाडी निघाली आणि ह्या दोघांची ती परीक्षा सुरू झाली. मामंजी म्हणायचे, "हां?" पोरगी म्हणायची, "काजू सरले. वड आला." "हां?" "उतार. दुसऱ्यावर घ्या." मला गंमत वाटली. म्हटलं घरी कमी होतं म्हणून इथेही पाढे. बाहेर सड्यावरचं गवत पिवळं झालं होतं, वारा छान येत होता, आणि खोटं कशाला बोलू, मला त्या गाडीत प्रथमच बरं वाटत होतं.

मोरीच्या पुढे रस्त्याचं काम काढलेलं होतं. खडीचा मोठा ढीग, अर्धा रस्ता व्यापून. तांबड्या रस्त्यावर तो काळा ढीग मला लांबून दिसत होता. मामंजी सरळ चालले होते. मी वाट पाहिली की आता चाक फिरवतील. पाय सुद्धा हलेना त्यांचा. पोरगी हळू आवाजात, घाई न करता म्हणाली, "आबा, खडी हाय. उजवीकडे घ्या. अजून. बस. आता सरळ." गाडी ढिगाला घासून गेली.

खडी पाढ्यात नव्हती.

मी मामंजींकडे बघितलं. पुढून एक बाई गवताचा भारा घेऊन येत होती, रस्त्याच्या मधूनच. पोरगी म्हणाली, "बाई हाय. भारा हाय डोक्यावर, तिला दिसत नसंल. हॉर्न." मामंजींनी हॉर्न दिला. त्यांची नजर त्या बाईवर नव्हती, रस्त्यावर नव्हती, कुठेच नव्हती. समोरच्या काचेवर आपली टेकवून ठेवलेली. बाई बाजूला झाली. पोरगी म्हणाली, "गेली. जाऊ द्या."

म्हाताऱ्याला दिसतच नव्हतं. पण मी ओरडले नाही. ओरडले असते तर पोर बिचकली असती, आणि त्या वेळेला आमचा तिघांचाही जीव तिच्या जिभेवर होता. पुढचा सगळा उतार मी गोणपाट छातीशी धरून बसले. आणि बसल्या बसल्या एकेक उलगडत गेलं. क्लीनर का गेला. शाळेला सुट्टी असली तरच गाडी का निघते. दसऱ्याला नातवाला सोडून नातीला का बोलावलं. नातवाला रस्त्यावर नजर ठेवता येत नव्हती, तो ओकायचा. एवढंच. आणि मी खुळी वाडीभर नाक वर करून फिरत होते.

बाजारात चिरे उतरवून होईपर्यंत मी थांबले. मग पोरीचा हात धरला आणि म्हटलं, "मामंजी, आम्ही दोघी एस्टीने येतो."

ते चाकावरच बसलेले. म्हणाले, "बाय येऊ दे की माझ्यासोबत."

"नाही."

"का गो?"

"का ते तुम्हाला माहीत आहे."

बाजार भरलेला, आजूबाजूला माणसं, कोणाला वाटावं घरगुती रुसवाफुगवी आहे. पोरगी माझ्या हातातून हात सोडवायला बघत होती. मी घट्ट धरला होता, इतका की नंतर तिच्या मनगटावर वळ दिसले. मी म्हटलं, "गाडी इथेच राहू दे. तुम्हीही चला एस्टीने."

"गाडी टाकून मी आजवर कुठे गेलो नाय."

"मग बसा इथे. पण तिच्याशिवाय गाडी सुरू केलीत तर ह्या बाजारात उभी राहून सांगेन सगळ्यांना. लाज सोडून सांगेन."

"एक तरी अपघात झाला काय गो माझ्या हातून?" आता त्यांचा आवाज चढला. "तीस वर्सं ह्या रस्त्यावर घातली. मला डोळे कशाला लागतात? हाताला कळतो रस्ता."

"हाताला खडीचा ढीग कळला नाही."

त्यांनी दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलं. माझा राग शिगेला पोचला होता, आणि त्याच वेळी त्यांचं ते चाक धरून बसणं बघवतही नव्हतं. पोरगी एकदम म्हणाली, "आबा, उतरा. आये ऐकायची नाय." तिने दुसऱ्या हाताने दार उघडलं. मामंजींचा पाय हवेत पायरी शोधत राहिला. रोज उतरतात ते, पण त्या दिवशी त्यांना पायरी सापडेना. पोरीने त्यांचा पाय धरून पायरीवर ठेवला.

एस्टीत ते खिडकीशी बसले. अर्ध्या वाटेत स्वतःशीच म्हणाले, "उशिरा टाकला गिअर ह्याने." पोरगी मान हलवून म्हणाली, "हो, मघाशी पण." मी दोघांकडेही बघितलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी सांगितलं. काचबिंदू. मिरजेला जाऊन आले होते, मला खाणीच्या कामाला कोल्हापूरला जातो सांगून. डॉक्टर म्हणाले होते, गेली ती नजर परत येत नाही, राहिलीय ती सांभाळा. समोर थोडा उजेड, थोडे आकार, बाकी धुकं. "तुला सांगितलं असतं तर गाडी बंद केली असतीस," म्हणाले. "बंद झाली तर खाणार काय होतीस? आणि मी काय करायचं? पडवीत बसून माशा मारायच्या?" मी म्हटलं, "माझी पोर मेली असती म्हणजे?" ते म्हणाले, "तिला सगळं दिसतं. तिच्यासारखी नजर मी कोणाची बघितली नाय." आणि एवढं बोलून म्हातारा तोंडावर पंचा घेऊन रडला. मला त्यांची दया आली नाही, असं नाही. पण त्यांना क्षमा करायला मला पुढे बरीच वर्षं लागली, आणि पूर्ण झाली असं आजही म्हणवत नाही.

गाडी दुसऱ्या एका ड्रायव्हरने आणून फणसाखाली लावून दिली. ती परत रस्त्यावर गेली नाही. तो उन्हाळा आम्ही पेज पिऊन काढला. मी दुसऱ्यांचे फाटके कपडे आणून दुरुस्त करत होते, मामंजी पडवीत बसून होते, आणि पोरगी माझ्याशी बोलत नव्हती. कामं सगळी करायची. पाणी भरायची, भांडी घासायची, भावाचा अभ्यास घ्यायची. बोलायची नाही. नवरा शिमग्याला आला, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, बरं झालं, भंगारात घाल ती अवदसा. त्यावर पोरगी ताटावरून उठून गेली.

ती कुठे जाते ते मला माहीत होतं. दुपारी फणसाखाली जाऊन गाडीत बसायची. बोनेट उघडून पुसायची, पाण्याची झाकणं बघायची, चाकावर बसून पाय पोचतात का पाहायची. एक दिवस मी मागोमाग गेले आणि दुसऱ्या दाराने चढून तिच्या शेजारी बसले. सीट फाटून आतला काथ्या वर आला होता. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

मी म्हटलं, "हे बघ बाय, माझ्यावर राग धरू नकोस. तुला सांगायला नको होतं, पण आता तू मोठी झालीस. आबांनी तुला फसवलं. गाडी शिकवतो म्हणून नेलं आणि स्वतःचे डोळे म्हणून वापरलं. त्यांना दिसत नव्हतं म्हणून तुला नेत होते, तुझ्या कौतुकाने नाही." इतक्या दिवसांचं मनात साठलेलं होतं.

ती शांतपणे म्हणाली, "मला ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"पहिल्याच फेरीपासून. दसऱ्याच्या आधी. पऱ्यापाशी म्हैस बसलेली, तर ते थांबेनात. मी ओरडले तेव्हा थांबले. मग मला म्हणाले, आयेला सांगशील काय? मी म्हटलं, नाय सांगणार, पण मला सगळी गाडी शिकवायची. आणि दसऱ्याला हॉर्न मीच देणार."

मी तिच्याकडे बघतच राहिले. अकरा वर्षांची पोर.

"तू मेली असतीस गो," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. मग पहिल्यांदाच तिने माझ्याकडे तोंड वळवलं. "पण आये, खरं सांग. आबांना दिसत असतं, तर त्यांनी मला शिकवलं असतं? आणि भाऊ ओकत नसता, तर तू तरी मला पाठवली असतीस?"

मी फाटक्या सीटमधला काथ्या बोटाने आत दाबत राहिले. खोटं बोलून तिच्यापुढे टिकलं नसतं, आणि खरं सांगायला माझी जीभ रेटेना.